आमीनची ओढणी

ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही, सख्ख्या बहिणीला तर नाहीच — तिच्या पोटात काही राहत नाही. अम्मा गेली तेव्हा शेवटचे काही दिवस मी तिच्या उशाशी बसून होते, तेव्हा एकदा ओठांपर्यंत आली होती. पण म्हटलं, जाता जाता तिचा अभिमान कशाला हिरावून घ्यायचा. असं स्वतःला समजावलं. खरं कारण भीती होती. पन्नाशी उलटल्यावरही मी अम्माला भीत होते.

आता सांगायचं ठरवलंय ते एका आमंत्रणामुळे. येत्या शुक्रवारी आमच्या मोहल्ल्यातल्या मुलींच्या मदरशात माझं बोलणं ठेवलंय. विषयही त्यांनीच ठरवलाय — कुवेतच्या शाळेत मी डोक्यावरची ओढणी कशी टिकवली. बोलवायला आलेली मुलगी माझ्याकडे असं बघत होती की मला माझ्याच घरात तोंड लपवायला जागा पुरेना. मी हो म्हटलं. ती गेल्यावर चहा गार होईपर्यंत बसून राहिले आणि मग ठरवलं, आता बस. तिथे जाऊन काय बोलायचं ते आधी इथे लिहून बघते. तुम्ही मला ओळखत नाही, तेच बरंय.

आधी एक स्पष्ट करते. मुलींनी डोकं झाकावं की नाही, यावर मी बोलत नाहीये. त्यावर बोलायला जगात पुष्कळ लोक आहेत आणि त्यांतले निम्मे तरी पुरुष आहेत. मी गेली कित्येक वर्षं ओढणी घेते, मनापासून घेते. माझ्या दोन मुलींपैकी एक घेते, एक घेत नाही. दोघीही जेवायला माझ्याच ताटाशेजारी बसतात. तो माझा गुन्हा नाही. माझा गुन्हा वेगळा आहे — आणि बघा, अजून त्याच्याकडे यायला माझे पाय ओढतायत.

मी चौथी गावच्या मराठी शाळेतून पास झाले आणि अब्बांनी आम्हाला कुवेतला बोलावून घेतलं. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी. तिथून आम्ही आलो ते सालमियात, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, तिसऱ्या मजल्यावर. खाली अब्बांचं शिवणाचं दुकान. दुकान कसलं, एका कुवैती माणसाच्या नावावरचा गाळा, आत तीन मशिनी. अब्बा दिशदाशा शिवायचे — तिथल्या पुरुषांचे ते पायघोळ पांढरे अंगरखे. त्यामुळे आमच्या घरात पांढऱ्या कापडाला तोटा नव्हता. उशांचे अभ्रे पांढरे, पडदे पांढरे, फडकी पांढरी, आणि माझ्या शाळेच्या ओढण्याही पांढऱ्या. हे पांढऱ्या कापडाचं लक्षात ठेवा.

शाळा आपल्या लोकांची होती. म्हणजे हिंदुस्थानी. केरळचे, गोव्याचे, मुंबईचे, गुजराती — सगळे. बाहेर रस्त्यावर कुवैती बायका बघाव्यात तर त्या काळात कितीतरी जणी केस मोकळे सोडून, गुडघ्यापर्यंतचे फ्रॉक घालून मोटारी चालवायच्या. काही जणी काळ्या, अंगभर अबायात. एक अशी, एक तशी, हातात हात घालून एकाच दुकानात शिरायच्या आणि कुणाला काही वाटायचं नाही. मुसलमानी मुलुखात माझ्या ओढणीला अडचण आली ती आपल्याच लोकांच्या शाळेत. नियम होता — राखाडी पिनाफोर, दोन वेण्या, लाल रिबिनी, डोक्यावर दुसरं काही नाही. पहिल्याच दिवशी वर्गशिक्षिका म्हणाल्या, ते काढून ठेव. मी काढून ठेवलं.

इतकंच. कुणी ओरडलं नाही, कुणी ओढलं नाही. काढलं, घडी केली, डब्याच्या पिशवीत ठेवलं. कानांना वारा लागला. खोटं कशाला बोलू — बरं वाटलं. पण अम्माला सांगायचं धाडस झालं नाही, कारण अम्मानं कुवेतला येताना अब्बांकडून दोनच गोष्टी कबूल करून घेतल्या होत्या. पोरीचं मराठी सुटू देणार नाही आणि पोरीचं डोकं उघडं राहणार नाही. मग रोज सकाळी अम्मा खाली येऊन माझी ओढणी हनुवटीखाली नीट करायची, मी बसमध्ये चढायचे, आणि बस वळणावर गेली की ओढणी पिशवीत. परतताना त्याच वळणावर पुन्हा डोक्यावर. असं मी तीन वर्षं केलं. सरावलेली चोर होते मी.

मग हमिदा आली.

हमिदा आमच्याच गावची, माझ्याच वयाची. तिचे वालिद, आमचे हसनचाचा, सुलैबियात एका गुदामावर कामाला होते. राहायचे तिकडेच, गुरुवारी संध्याकाळी घरी यायचे, शुक्रवार संपला की परत. अब्बांनीच त्यांना आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर दोन खोल्या बघून दिल्या. हमिदाची आई, हलिमाचाची, गावाबाहेर कधी न पडलेली बाई. तिला आपली कोकणी बोली सोडून काही येत नव्हतं. हिंदीसुद्धा ती समजायची तेवढीच, बोलायला गेली की लाजायची.

हमिदाला इंग्रजी येत नाही म्हणून तिला माझ्याखाली एक वर्ग घेतलं. अभ्यासात ती बेताची. पण हट्टी — आई गं, किती हट्टी. तिला नर्स व्हायचं होतं. आमच्या तळमजल्यावर सांगलीकडच्या एक सिस्टर राहायच्या, सरकारी इस्पितळात होत्या. हमिदा त्यांच्याकडे जाऊन बसायची, थर्मामीटर बघायची, बँडेज गुंडाळून द्यायची. एकदा तिनं त्यांना अगदी गंभीरपणे विचारलं होतं की तुम्ही डोक्यावर ती टोपी घालता, ती ओढणीवरून बसेल का. सिस्टर हसून हसून बेजार झाल्या. म्हणाल्या, तू आधी दहावी हो, मग टोपीचं बघू. हमिदानं ते वाक्य गाठीला बांधून ठेवलं. दहावी, मग टोपी.

आता तिच्या ओढणीचं सांगते. आमच्याकडे मुलीचं कुराण पहिल्यांदा वाचून पुरं झालं की तिची आमीन करतात. शेजारपाजारच्या बाया जमतात, मलिदा वाटतात, आणि ज्या बाईनं शिकवलेलं असतं ती उस्तादबी मुलीच्या डोक्यावर नवी ओढणी घालते. हमिदाची आमीन गावाला झाली, कुवेतला यायच्या आदल्या महिन्यात. उस्तादबींनी घातलेली ती ओढणी पोपटी हिरवी होती, काठाला पिवळी बारीक फुलं. शाळेच्या राखाडी रंगावर ती अशी दिसायची की अर्ध्या मैदानावरून कळावं, हमिदा आली. माझीही आमीन झाली होती. माझी ओढणी ट्रंकेत होती.

पहिल्या दिवशी बस वळणावर आली, मी माझी ओढणी काढून पिशवीत ठेवली आणि तिला म्हटलं, काढ, इथे चालत नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "का?" मी म्हटलं, नियम आहे. ती म्हणाली, "मग त्यांना सांगायला हवं." आणि खिडकीबाहेर बघत बसली. बस. तिनं मला नावं ठेवली नाहीत. संध्याकाळी त्याच वळणावर मी ओढणी पुन्हा डोक्यावर घेतली तेव्हाही ती काही बोलली नाही. तिनं वर जाऊन आईला सांगितलं असतं तर हलिमाचाची दहा मिनिटांत आमच्या दारात उभी राहिली असती. ती आली नाही. हमिदानं माझं झाकून ठेवलं — रोज, न सांगता, न मागता.

तुम्हाला वाटेल, मला तिच्याबद्दल माया वाटली असेल. नाही. मला तिचा राग यायचा. तिनं एकदा जरी टोमणा मारला असता तर आमची फिट्टंफाट झाली असती. ती गप्प राहायची आणि ते मला बोचायचं. शाळेत मी तिच्यापासून लांब राहायला लागले. गोव्याच्या एका मुलीनं विचारलं, ती तुझ्या गावची ना? मी म्हटलं, असेल, आमच्या तिकडे गावं पुष्कळ आहेत.

शाळेनं आधी दुर्लक्ष केलं. मग वर्गशिक्षिकेनं सांगून बघितलं. मग प्रार्थनेच्या रांगेतून तिला बाजूला उभं करायला लागले. मार्चचा महिना, तोझ सुटलेला — तिथल्या धुळीच्या वाऱ्याला तोझ म्हणतात — आणि ही भिंतीला पाठ लावून उभी, ओढणीचं एक टोक दातात धरून, ती उडू नये म्हणून. मी रांगेतून बघायचे. मी काय करायला हवं होतं? निदान तिच्या शेजारी जाऊन उभं राहता आलं असतं. माझी पांढरी ओढणी माझ्या पिशवीतच होती. हात घालायचा अवकाश होता.

शेवटी प्रिन्सिपल मॅडमनी तिच्या आईला बोलावलं. हसनचाचांना आठवड्यात सुट्टी नाही, तेव्हा हलिमाचाची एकट्याच आल्या, काळ्या बुरख्यात, घामानं थबथबलेल्या, हातात उगीचच एक खजुराचा पुडा. मॅडम केरळच्या. त्यांना हिंदी येत नव्हतं आणि चाचींना तर इंग्रजीचं अक्षर नाही. मग कुणालातरी आठवलं की आठवीत एक मुलगी आहे, यांचीच भाषा बोलते. मला भूगोलाच्या तासातून उठवलं.

आता आले मी त्या खोलीत. इथून पुढे मी थांबणार नाही.

मॅडम टेबलामागे. चाची खुर्चीच्या अगदी टोकावर. हमिदा त्यांच्या मागे उभी, डोक्यावर हिरवी ओढणी. एसीचं पाणी बाहेर डब्यात टपटपत होतं. मी मध्ये उभी राहिले, बोडक्या डोक्यानं. चाचींनी मला बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी आलं — पण त्या इतक्या घाबरलेल्या होत्या की ते तिथे टिकलं नाही. मी पटकन म्हटलं, आत्ता खेळाचा तास होता. पहिलं खोटं ते.

मॅडम वाईट नव्हत्या. हे मला नीट सांगायला हवं, कारण पुढे आमच्या गावात त्यांचं नाव घेऊन बाया बोटं मोडायच्या. मॅडम शांतपणे म्हणाल्या, आईला विचार, ही ओढणी धर्माची म्हणून आहे की घरची सवय म्हणून. मी चाचींना विचारलं. चाची म्हणाल्या, "ही तिच्या आमीनची हाय गो. उस्तादबीनं डोईवर घातलेली. कुराण पुरं केलंन माझ्या पोरीनं. ती कशी काढायची? मॅडमला सांग, बाकी काय पण सांगा, आम्ही ऐकू."

हे सगळं इंग्रजीत सांगणं मला जड नव्हतं. मी वर्गात पहिली यायचे. मी सांगितलं — मॅडम, ती म्हणते, गावात एक समारंभ झाला होता, त्यात ही भेट मिळाली.

कुराण गाळलं. काढता येत नाही, ते गाळलं. मॅडमनी विचारलं, म्हणजे रीत आहे, धर्म नाही? मी म्हटलं, येस मॅडम, रीत.

मॅडमनी थोडा विचार केला. मग त्या जे म्हणाल्या ते मला आजही त्यांच्या आवाजात ऐकू येतं. म्हणाल्या, तरीसुद्धा, आईची खरोखर तशी इच्छा असेल तर माझी हरकत नाही. हिरवी नको, गणवेशाला शोभत नाही. व्हाइट वन विल डू. आणि पुढच्या आठवड्यात मी सगळ्या मुसलमान मुलींच्या घरी तसं कळवीन, म्हणजे कुणाला वाटायला नको की एकीलाच सूट दिली.

ते शेवटचं वाक्य मी पुन्हा मनाशी लावून बघितलं. घरी कळवणार. म्हणजे अम्माला कळणार की आजवर परवानगीच नव्हती. म्हणजे इतकी वर्षं मी — आणि मग रोज ती ओढणी, गोव्याच्या मुलींसमोर, सगळ्यांसमोर, आणि सगळ्यांना कळणार की मी कोण. पांढरी चालेल. आमच्या दुकानाच्या फरशीवर पांढऱ्या कापडाचे तुकडे पायांत यायचे. अब्बांनी दुपारच्या चहाआधी शिवून दिली असती. इतकी ती गोष्ट सोपी होती.

मी चाचींकडे वळले आणि म्हटलं, "चाची, मॅडम बोलतात, ओढणी चालायची नाय. काढायची, नायतर पोरीला शाळेतून काढून न्या."

मग मॅडमकडे वळले आणि म्हटलं, मॅडम, ती म्हणते, ती घरी विचार करून कळवेल.

झालं. एवढंच केलं मी. तेरा वर्षांची होते, पण लहान होते असं मी म्हणणार नाही. तेरा वर्षांच्या हमिदाला काय करायचं ते ठाऊक होतं.

चाची उठल्या. खजुराचा पुडा त्यांनी मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडम उभ्या राहून थँक यू म्हणाल्या, हसल्या. चाचींना ते हसणं कसं वाटलं असेल? त्यांच्या लेखी त्या बाईनं आत्ता त्यांच्या पोरीला हाकललं होतं. हमिदा माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. परीक्षेत शेजारचीचं लिहून कधी होतंय याची वाट बघावी, तसं बघत होती. त्या दोघी दारातून गेल्या आणि मी खिडकीतून बघितलं. मैदान ओलांडताना हमिदा दोनदा मागे वळली. फाटकाशी थांबली. मग चाचींनी तिचा हात ओढला.

एक खोटं दुसऱ्याला जन्म देतं म्हणतात. माझ्या खोट्यानं तो त्याच संध्याकाळी दिला. चाची रडत आमच्याकडे आल्या आणि अम्माला म्हणाल्या, शाळा ओढणीला नको म्हणते, मग तुझ्या पोरीला कशी चालते? अम्मानं माझ्याकडे बघितलं. आणि मी — तयार होते हो मी, बसमध्येच जुळवून ठेवलं होतं — मी म्हटलं, मी पहिली येते, मॅडमना समजावून सांगितलं, म्हणून मला सूट आहे. हमिदालाही मिळाली असती, पण ती मॅडमना उलट बोलली.

हे मी का केलं ते विचारू नका. मॅडमच्या खोलीतलं खोटं भीतीतून आलं म्हणता येईल. हे नाही. हे मी थंड डोक्यानं केलं.

चाचींनी तिथेच, आमच्या दारात, हमिदाच्या पाठीत रट्टे घातले. हमिदा एका शब्दानं बोलली नाही. ही रोज वळणावर ओढणी काढते — एवढं एक वाक्य तिच्याजवळ होतं, आणि ते वापरलं असतं तर मी आडवी झाले असते. तिनं नाही वापरलं. सिस्टर तळमजल्यावरून आवाज ऐकून वर आल्या, म्हणाल्या, अहो मारता कशाला, हसनभाऊ आल्यावर शाळेत जाऊन बोलू दे ना. पण हसनचाचा गुरुवारी आले आणि त्यांनी ऐकलं ते असं की शाळा दीन-धर्म मानत नाही आणि मुलगी वडीलधारी मानत नाही. अब्बा म्हणाले, मी जाऊन बोलतो मॅडमशी. हसनचाचा म्हणाले, नको भाई, जिथे इज्जत नाही तिथे भीक मागायची नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. रात्री मी पोटभर जेवले. हेही सांगून टाकते, जेवले मी.

महिन्याभरात चाची आणि हमिदा गावी परतल्या. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल खाडीपलीकडे, तरीनं, म्हणजे होडीनं जावं लागायचं, आणि त्या काळी आमच्यातल्या मुलींना कुणी होडीत एकटं बसू देत नव्हतं. दोन-तीन वर्षांत हमिदाचं लग्न झालं. दहावी नाही. टोपी नाही.

आणि पुढच्याच्या पुढच्या वर्षी काही पालकांनी जाऊन मॅडमना विचारलं आणि त्यांनी परवानगी दिली. पांढरी. घरी तसं कळवलंही. तोवर मी मोठ्या वर्गात होते, आता आणखी दहा-बारा जणी घेणार होत्या, मग मीही घेतली. घरी आलेल्या सूचनेचं अम्माला नवल वाटलं नाही. तिला वाटलं, माझ्या पोरीला आधी एकटीला होती ती सूट आता सगळ्यांना मिळाली. तिनं ते इमारतीभर सांगितलं. मी ऐकत राहिले.

माझं लग्न ठरताना अम्मानं सासूबाईंना तेच सांगितलं — माझ्या पोरीनं परमुलखात, शाळेशी भांडून डोईवरची ओढणी सोडली नाही. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मान खाली घालून बसले आणि सगळ्यांना वाटलं, नवरी लाजली. मग ती गोष्ट वाढत गेली. सासरच्यांनी त्यात भिंतीशी उभं राहणं घातलं नाही. ते मीच घातलं. एकदा नणंदेला सांगताना माझ्या तोंडून निघून गेलं — तोझ सुटायचा आणि मला बाहेर उभं करायचे, मी ओढणीचं टोक दातात धरायचे. बोलून गेले आणि जिभेला चटका बसावा तशी गप्प झाले. पण पुढच्या वेळी पुन्हा सांगितलं. माझ्या मुली तीच गोष्ट ऐकत वाढल्या. तर असं आहे. मी हमिदाची शाळा हिरावून घेतली, आणि नंतर तिचा हट्टही घेतला. माझ्या मोहल्ल्यात मला जो मान आहे, तो तिचा आहे.

हमिदा मला भेटली ती एका लग्नात, बऱ्याच वर्षांनी. गावाला, माझ्या चुलतभावाच्या मुलीच्या निकाहाला. ती जाड झाली होती, केस पिकलेले, चार नातवंडं मागेपुढे. माझ्याशी नीट बोलली. मुलाबाळांचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं. मला वाटलं, विसरली. किती हलकं वाटलं म्हणून सांगू. आणि तेव्हा तर मला अशी खात्रीच होती की त्या दिवशी त्या खोलीत काय झालं ते तिला कळलंच नव्हतं. तिचं इंग्रजी कच्चं होतं ना.

मग नवरीची करवली धावत आली, तिच्या ओढणीवर सरबत सांडलं होतं, दुसरी हवी होती. हमिदानं पलंगावरच्या कपड्यांच्या ढिगात हात घातला, एक पांढरी ओढणी ओढून काढली, पोरीच्या डोक्यावर टाकली, आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "व्हाइट वन विल डू."

अगदी मॅडमच्या आवाजात. त्या केरळी हेलासकट.

करवली पळाली. हमिदा ढीग परत नीट लावत होती. मान वर न करता म्हणाली, "कळलेलं मला सगळं, तेव्हाच. म्हटलं, बघू या, ही कुठवर जाते. फाटकापर्यंत वाट बघितली मी तुझी. मग संध्याकाळी दारात बघितली." आणि शेवटची घडी बसवून म्हणाली, "लई लांब गेलीस गो तू."

मी माफी मागितली नाही. तेव्हाही नाही. बाहेर कुणीतरी तिला हाक मारली आणि ती गेली, आणि मी निकाहाचं जेवण जेवून, सगळ्यांना भेटून, घरी आले. त्याला आता सात-आठ वर्षं झाली असतील.

ती तेव्हाच बोलली असती तर — हा विचार मी करून बघितला आहे. ती बोलली नाही म्हणून माझ्या गुन्ह्यातला थोडासा वाटा तिच्या पदरात टाकता येईल का, हेही बघितलं आहे. इतकी मी नीच आहे. नाही टाकता येत. तिनं हट्ट केला, पण दार मी लावलं होतं.

तर शुक्रवारी मी जाणार आहे. बोलवायला आलेल्या मुलीला फोन करून विषय बदलायला सांगणार नाही. तोच विषय राहू दे. मुली बसतील, मी उभी राहीन, आणि सांगीन की ओढणी टिकवणारी मुलगी मी नव्हे, तिचं नाव हमिदा, आणि ती टिकवत असताना मी काय करत होते. माझ्या मुली येणार आहेत, दोघीही. नवरा बाहेर पुरुषांत बसेल, पण कर्णा लावलेला असतो, त्यालाही ऐकू जाईल. हमिदाची एक नात त्या मदरशात राहून शिकते. ती पुढच्या रांगेत असेल की मागच्या, ठाऊक नाही. घरी जाऊन ती काय सांगेल ते तिनं ठरवावं.

फक्त एक काम मला जमणार नाही. हलिमाचाची गेल्या, त्या निकाहाच्या आधीच. माझ्याकडे त्यांचं एक वाक्य होतं. त्या दिवशी ते मला त्यांना द्यायला सांगितलं होतं आणि मी दिलं नाही. आता ते इथे ठेवते, त्यांच्याच बोलीत, जसं तेव्हा सांगायचं होतं तसं.

चाची, मॅडम बोलतात, हिरवी नको. पांढरी असली तर चालंल.